आबांचा प्रश्न आणि रूपांतरित खडक

माझे आबा खाणीवर खडी फोडतात. घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. भूगोलाच्या तासाला रूपांतरित खडक शिकलो आणि घरी सांगितले, "आबा, काळा दगडही बदलतो." ते म्हणाले, "दगुड कसला बदलतोय रं? बदललं ते माझं हात!"

मी नॉर्वेचे उदाहरण दिले. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वी बाल्टिका आणि लॉरेन्शिया ही दोन खंडे एकमेकांवर आदळली. बाल्टिकाची कड खाली दाबली गेली. तीत आपल्या बेसाल्टच्या जातीचे खडक होते. प्रचंड दाबाने त्यांतील खनिजे मोडून तांबडा गार्नेट व हिरवा ऑम्फासाइट ही दाट खनिजे बनली. हाच एक्लोगाइट. रासायनिक घटक जवळजवळ तेच, पण घनता सुमारे 3 वरून 3.5 झाली. पुढे खंडाचा खडक प्रावरणापेक्षा हलका असल्याने वर उचलला गेला.

आबांनी विचारले, "खाली गेलेला बगितला कुणी?"

प्रश्न रास्त होता. कोणी पाहिले नाही. साक्ष दगडातच आहे. 1984 साली तेथील एक्लोगाइटमध्ये कोएसाइट सापडला. हे गारगोटीचेच दाट रूप. ते बनायला सुमारे 90 ते 100 किलोमीटर खोलीवरचा दाब लागतो. दाब उतरला की त्याची पुन्हा गारगोटी होते. मात्र कठीण खनिजांच्या पोटात अडकलेले काही कण तसेच राहिले.

आपल्या दख्खनच्या बेसाल्टवर असा प्रसंग आलेला नाही, हेही मी सांगितले. वर्गात पाठ केलेली व्याख्या मला खरी समजली ती आबांना उत्तर देताना.