लाकूड लोखंडासारखं वागत नाही

शिवाजी उद्यमनगर आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांमुळे कोल्हापूरभोवतीच्या गावांना लेथ नवा नाही. आमच्या गडमुडशिंगीतही टर्नर शोधायला लांब जावं लागत नाही. माझीही उमेदीची वर्षं लेथवरच गेली. आता लाकूड कातण्याचा छंद आहे. यंत्रावर हात बसलेली माणसं या छंदाकडे वळताना दिसली, की त्यांना आवर्जून सांगतो : लोखंडावरचा सराव इथे अर्धाच कामाला येतो, उरलेला अर्धा घात करतो.

लोखंडाचा गज आतबाहेर सारखा आणि हत्यार टूलपोस्टमध्ये आवळलेलं. लाकडात गाठ असते, ओल असते, भेग असते, जुन्या चौकटीच्या लाकडात मोडका खिळाही असतो. आणि हत्यार आपल्याच हातात असतं.

एकदा आंब्याच्या ठोकळ्यातून मोठा वाडगा कातत होतो. बाहेरून ठोकळ्यात काही खोट दिसत नव्हती. गती वाढवली तशी आतली भेग उघडली आणि अर्धा ठोकळा सुटून समोरच्या पत्र्यावर आदळला. पत्रा पार आत गेला. मी वाचलो, कारण पाळण्याचे खांब आणि लाटणी कातण्यात हयात घालवलेल्या एका कातारी अण्णांनी आधीच बजावलं होतं, "फिरत्या लाकडाच्या म्होरं उभारू नगंस, बाजूला सरक." यंत्र सुरू करताना आणि गती वाढवताना हे पाळाच.

गतीचा एक ठोकताळा आहे. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० च्या दरम्यान ठेवायचा. म्हणजे २ इंची दांड्याला ३,००० ते ४,५०० फेरे, पण १० इंची वाडग्याला फक्त ६०० ते ९००. ओबडधोबड ठोकळा त्याहूनही हळू फिरवा. सुरू करण्याआधी तो हाताने एक फेरा फिरवून कुठे अडत नाही ना, ते बघा.

दांडा गोल करायच्या रुंद पटाशीचं मुठीत शिरणारं शेपूट बारीक असतं. वाडग्यात लाकडाच्या रेषा आडव्या येतात, धार अडकते आणि शेपूट मोडू शकतं. वाडग्यासाठी अखंड सळईतून केलेली पटाशीच घ्या. हत्यार आधी टेकूवर, मग धारेमागची उतरती बाजू लाकडावर आणि शेवटी धार, हा क्रम मोडू नका.

हातमोजे, लोंबत्या बाह्या, गळ्यात गमछा यातलं काहीही नको. पॉलिश करताना कापड बोटाला गुंडाळू नका. कागद वापरा, तो अडकला तर फाटतो. चेहऱ्यावर पूर्ण ढाल हवी, नुसता चष्मा पुरत नाही.

धुळीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. शिसम घासल्यावर माझ्या मनगटांवर पुरळ उठलं होतं, खोकला तर कितीतरी दिवस हटला नाही. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे. रुमाल बांधून भागत नाही. चांगला मास्क लावा आणि वारा खेळता ठेवा.

ओल्या लाकडाची घाई नको. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष सावलीत वाळवा आणि दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग फासा, म्हणजे भेगा कमी पडतात. बांधावरचा आंबा, फणस, चिंच तोडायची तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार आधी परवानगी घ्या.

जमलं तर सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन लाकडी खेळणी बघा. लाखकामही कारागिराशेजारी उभं राहून पाहण्यासारखं. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली, की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून बसते. कांडी किती दाबायची आणि कधी उचलायची, हे तिथेच कळतं. पटाशीचंही तसंच आहे : धार बोथट झाली की आवाज बदलतो, आणि तो ओळखायला जाणता माणूस शेजारी लागतो.

असे कातारी आपल्या आसपास अजून आहेत, पण तयार फर्निचरमुळे त्यांचं काम आटलं आहे. यंत्र घेण्याआधी त्यांच्याकडे जा आणि त्यांच्या दिवसाची मजुरी मोजून शिका. फुकट शिकवा म्हणू नका. छंदाच्या खर्चात पहिला पैसा त्यांच्या हातावर पडला, तर तुमची बोटं शाबूत राहतील आणि त्यांची विद्याही पुढे जाईल.