नृत्यस्पर्धा : रंजन आणि न्याय

जेथे स्पर्धा आहे तेथे निवाडा आहे, आणि जेथे निवाडा आहे तेथे न्यायाचा प्रश्न उपस्थित झाल्यावाचून राहत नाही. आपल्या विदर्भातील लोकांस शंकरपट चांगला ठाऊक आहे. बैलजोडी धावते, घड्याळ वेळ सांगते आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. जोडीचा धनी गावचा पाटील आहे की साधा शेतकरी, हे घड्याळ विचारीत नाही. परंतु पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभ्या असलेल्या जोड्यांपैकी सर्वांत देखणी कोणती, यावर दोन शहाण्या माणसांचेही एकमत होत नाही. नृत्याची गोष्ट या दुसऱ्या प्रकारची आहे. त्यास मोजण्याचे घड्याळ नाही.

दूरचित्रवाणीवर नामवंत नटनट्यांच्या नृत्यस्पर्धा होतात. तेथे ही अडचण दुणावते. कारण तेथे निवाडा करणारे दोन असतात : परीक्षक आणि प्रेक्षक. परीक्षक ताल, पदन्यास व अंगविक्षेप पारखतो. प्रेक्षक आपल्या आवडीस मत देतो, आणि त्या आवडीत नर्तकाविषयीचा जुना स्नेहही मिसळलेला असतो. सन 2005 मध्ये ‘नच बलिये’ ही जोडप्यांची स्पर्धा प्रथम झाली, तीत सचिन व सुप्रिया पिळगांवकर विजयी झाले. त्यांचे नृत्यकौशल्य निर्विवाद होते. तथापि अनेक वर्षांच्या चित्रपटांनी जोडलेला लोकस्नेहही त्यांच्या पाठीशी होता. या दोहोंचा वाटा कोणत्या तराजूने वेगळा करावा?

मग प्रेक्षकांना मत द्यावेच कशाला, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, हे कार्यक्रम प्रेक्षकांच्याच आधारावर चालतात, आणि ज्यास निकालात भाग आहे तो अधिक आस्थेने पाहतो. सन 2004 मध्ये इंग्लंडात बीबीसीने ‘स्ट्रिक्टली कम डान्सिंग’ ही स्पर्धा सुरू केली. तिच्याच धर्तीवर 2006 पासून आपल्याकडे ‘झलक दिखला जा’ होऊ लागली. इंग्लंडातील स्पर्धेत 2008 साली जॉन सार्जंट हे राजकीय वार्ताहर उतरले होते. परीक्षक त्यांस अल्प गुण देत, आणि लोक त्यांस पुनःपुन्हा तारीत. अखेर आपण खरोखरच जिंकू असे भय वाटून त्यांनी स्वतःच माघार घेतली. लोकांनी येथे अन्याय केला काय? माझ्या मते नाही. नियमाने दिलेला अधिकारच त्यांनी वापरला होता.

खरा अन्याय कोठे संभवतो, हे त्याच वर्षीच्या उपान्त्य फेरीत दिसले. स्पर्धक तीन होते. परीक्षकांच्या क्रमानुसार पहिल्यास 3, दुसऱ्यास 2 व तिसऱ्यास 1 गुण, आणि लोकमताच्या क्रमानुसारही तसेच 3, 2, 1 गुण, असा नियम होता. ज्या दोघांची बेरीज कमी, त्यांनी पुन्हा नाचावयाचे व त्यांतील एकाने बाहेर पडावयाचे. त्या दिवशी परीक्षकांकडे दोघी पहिल्या आल्या. दोघींस प्रत्येकी 3 गुण मिळाले व टॉम चेंबर्स यांस 1. आता विद्यार्थ्यांनी पाटीवर हिशेब करून पाहावा. लोकमतात टॉम पहिले आले, तरी त्यांची बेरीज 4. उरलेल्या दोघींची 5 आणि 4. म्हणजे कितीही मते पडोत, टॉम खालच्या दोघांत असणारच! लोकांची मते नियमातील एका फटीमुळे निष्फळ झाली होती. बीबीसीने तिघांसही अंतिम फेरीत नेले व पडलेली मते पुढे धरली. अंतिम विजय टॉम चेंबर्स यांचाच झाला.

दुसरा प्रश्न समान आरंभाचा. सन 2022 च्या ‘झलक’मध्ये अमृता खानविलकर, रुबिना दिलैक यांसारख्या अभिनेत्रींसमोर आसामातील एक आठ वर्षांची बालिका होती, आणि तीच जिंकली. तिचा नाच पाहून सर्वांनी बोटे तोंडात घातली. परंतु ती पूर्वीच एका नृत्यस्पर्धेत गाजलेली होती. शिकलेला नर्तक आणि नवखा नट, बालक आणि प्रौढ, यांस एकाच मापाने मोजावे काय? रंजनास ही विषमता गोड लागते. न्यायास ती खटकते.

यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. रंजन हा न्यायाचा शत्रू नव्हे. निकाल कौशल्याने लागेल, की आवडीने, की दोहोंनी मिळून, हे स्पर्धेपूर्वी सर्वांस स्पष्ट सांगावे आणि शेवटपर्यंत पाळावे. मग हरणाऱ्यास दुःख होईल, पण त्याचा विश्वास उडणार नाही. कौशल्याचे नाव सांगून आवडीचे बक्षीस देणे, हीच फसवणूक होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या स्नेहसंमेलनासही हाच न्याय लागू आहे. गुण कशास किती, हे आधी फळ्यावर लिहावे. लहान व मोठे यांचे गट वेगळे करावेत. आणि ज्याच्या मैत्रिणी वा मित्र अधिक टाळ्या वाजवितात, त्यासाठी हवे तर ‘लोकप्रिय’ असे निराळे बक्षीस ठेवावे. पालकांनीही घरी असा कार्यक्रम पाहताना मुलांस एवढे विचारावे : तुला नाच आवडला, की नाचणारा? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्यास जो शिकला, तो पुढे पंच होवो वा मतदार, कोणाचाही हक्क डावलणार नाही.