विसर्ग, अपूर्णविराम आणि संगणकाचे वाचन

संगणक मजकूर वाचतो असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः तो खुणा शोधतो. यंदा वार्षिकांकासाठी शब्दसूची तयार करताना याचा मला चांगलाच प्रत्यय आला.

सूची ‘आयएनआय’ पद्धतीच्या साध्या फाइलीत होती. आज्ञावलीला लागणारी मांडणी नोंदवण्यासाठी ही पद्धत रूढ आहे: चौकोनी कंसात विभागाचे नाव, खाली दर ओळीस डावीकडे शब्द, मग बरोबरचे चिन्ह, उजवीकडे अर्थ. ती वाचण्यासाठी पायथॉन भाषेतला ‘कॉन्फिगपार्सर’ तयारच मिळतो. ‘झील = मुलगा’, ‘चेडू = मुलगी’ असा मालवणी विभाग निर्विघ्न पार पडला. तत्सम विभागात मात्र यंत्र अडले. ‘अंत’ हा शब्द दोनदा आला, अशी त्याची तक्रार! सूचीत ‘अंत’ कोठेच नव्हता. होते ते ‘अंत:करण’ आणि ‘अंत:पुर’.

उलगडा असा. कॉन्फिगपार्सर बरोबरच्या चिन्हाप्रमाणे अपूर्णविरामही विभाजक मानतो, व जो आधी येईल तेथे ओळ तोडतो. आपण टंकलेखनात विसर्गाऐवजी सर्रास अपूर्णविराम देतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच. संगणकाच्या लेखी पहिल्याचा क्रमांक २३०७, दुसऱ्याचा ५८. एक ओळ काढून पाहिले, तेव्हा आणखी वाईट गोष्ट दिसली. ‘दु:ख = शोक’ या ओळीचा शब्द झाला होता ‘दु’, आणि अर्थ ‘ख = शोक’. येथे तक्रारसुद्धा नाही! ‘अंत’ची जोडी नसती तर हे तसेच छापले गेले असते.

‘डिलिमिटर्स’ या जागी फक्त बरोबरचे चिन्ह दिले आणि ओळी नीट तुटू लागल्या. पण एवढ्याने भागत नाही. कोणी लेखात खरा विसर्ग देऊन ‘दुःख’ लिहिले, तर अपूर्णविरामाचे ‘दु:ख’ त्याला जुळणार नाही. सरसकट बदल करावा, तर अर्थाच्या बाजूस असलेले ‘१०:३०’ बिघडते. म्हणून केवळ डावीकडच्या शब्दांवर चालणारी ‘ऑप्शनएक्सफॉर्म’ ही क्रिया बदलली. एरवी तिचे काम रोमन अक्षरे लहान लिपीत आणण्याचे. देवनागरीस ते लागूच नाही. तिला अपूर्णविरामाचा विसर्ग करण्याचे काम दिले.

पुन्हा चालवले, तर यंत्र पुन्हा अडले: ‘दुःख’ दोनदा. या खेपेस तक्रार खरी होती. दोघांनी दोन प्रकारे लिहिलेला तो एकच शब्द, आणि अर्थही निरनिराळे दिलेले.