संशोधनातील आज्ञावली : श्रम आणि श्रेय

संशोधन संस्थेने सूक्ष्मदर्शक यंत्र खरेदी केले की त्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. नवा ग्रंथ ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत चढतो. शोधनिबंध प्रसिद्ध झाला की तो संशोधकाच्या पदोन्नतीच्या प्रस्तावात मोजला जातो. परंतु त्याच संस्थेत एखाद्या संशोधकाने दोन-तीन वर्षे खपून संगणकाची आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, तयार केले तर त्याची नोंद कोठे करावयाची, हा प्रश्न अनेक ठिकाणी अनुत्तरित राहतो. आज विज्ञानाची क्वचितच एखादी शाखा आज्ञावलीवाचून चालते. म्हणूनच हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा राहिलेला नाही.

कुलाब्यातील प्रारंभ

या विषयाचा भारतातील इतिहास मुंबईशी निगडित आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली संपूर्णपणे देशात रचलेला एक संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंतप्रधान पंडित नेहरू यांनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. यंत्र स्वतंत्र रचनेचे असल्याने त्याच्यासाठी तयार आज्ञावली बाजारात मिळणे शक्य नव्हते. त्या संस्थेतच लिहाव्या लागत. पुढे १९६४ मध्ये संस्थेत ‘सीडीसी ३६००’ हा मोठा संगणक आला व बाहेरच्या संस्थांतील संशोधकांनाही त्याचा लाभ मिळू लागला. यंत्राची नावे इतिहासात राहिली. त्यांच्याकडून गणिते करवून घेणाऱ्या आज्ञावली कोणी लिहिल्या, हे मात्र सामान्य वाचकास सहसा ठाऊक नसते.

परळमधील उदाहरण

अलीकडच्या काळातील एक बोलके उदाहरण परळ येथे आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तेथील प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. सुसान इडिकुला-थॉमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॅम्प’ नावाचा माहितीकोश तयार केला. सजीवांच्या शरीरात प्रथिनांचे काही लहान तुकडे असे असतात की ते रोगजंतूंचा नाश करतात. प्रतिजैविक औषधांना जंतू दाद देईनासे झाल्यामुळे या तुकड्यांच्या अभ्यासास महत्त्व आले आहे. ‘कॅम्प’च्या २०१० मधील पहिल्या आवृत्तीत अशा ३,७८२ रचनांची माहिती होती. त्यांपैकी २,७६६ प्रयोगाने सिद्ध झालेल्या व उरलेल्या १,०१६ अनुमानित होत्या. एखादी नवी रचना जंतुनाशक असण्याचा संभव किती, याचे अनुमान करणाऱ्या आज्ञावलीही त्यास जोडलेल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक रचना प्रयोगशाळेत तपासत बसण्याऐवजी संभाव्य रचना आधी निवडून घेता येतात आणि वेळ व पैसा वाचतो.

या कोशाच्या सुधारित आवृत्त्या २०१४, २०१६ व २०२३ मध्ये ‘न्यूक्लिइक ॲसिड्स रिसर्च’ या नियतकालिकातून जाहीर झाल्या. यातून एक गोष्ट ध्यानी येते. आज्ञावलीला मान्यता मिळाली ती तिच्यावर लिहिलेल्या निबंधाच्या द्वारे. दोन निबंधांच्या मधल्या काळात चुका दुरुस्त करणे, नवी माहिती भरणे व यंत्रणा चालू ठेवणे हे जे काम करावे लागते, त्याला गुण देणारा रकाना सहसा नसतो. विहीर खोदण्यास अनुदान मिळावे, परंतु गाळ काढण्यास मिळू नये, तशीच ही स्थिती होय.

उल्लेख न केल्यास हानी

आज्ञावलीचे नाव व आवृत्ती नमूद करणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. कार्यालयात नित्य वापरला जाणारा ‘एक्सेल’ हा तक्त्यांचा कार्यक्रम पाहा. ‘सेप्ट २’ या जनुकाचे नाव त्यात टंकित केले की तो ते २ सप्टेंबर ही तारीख समजून बदलून टाकी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जनुकांच्या अशा याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत ही चूक आढळली. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलल्याचे जाहीर केले. कोणते साधन वापरले हे निबंधात लिहिलेले असेल तरच अशा चुकीचा माग लागतो.

कायदा आणि नियम

आपल्या कायद्याने आज्ञावलीची दखल पूर्वीच घेतली आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन संगणक आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतीत करण्यात आला. उलट १९७० च्या पेटंट अधिनियमातील कलम ३ नुसार निव्वळ आज्ञावलीस पेटंट मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतील संशोधन गुणांच्या तक्त्यात निबंध, ग्रंथ, मार्गदर्शन, प्रकल्प व पेटंट यांना गुण होते. संशोधनासाठी लिहिलेल्या आज्ञावलीस स्वतंत्र शीर्षक नव्हते. म्हणजे पेटंटचा मार्ग बव्हंशी बंद आणि गुणांचा मार्ग अस्पष्ट, अशा कोंडीत हे काम सापडते.

जगात याबाबत विचार झालेला आहे. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे आकारास आलेल्या जाहीरनाम्याने संशोधनाचे मूल्यमापन करताना माहितीसंच व आज्ञावलीही विचारात घ्याव्यात, असे सुचविले. २०१६ मध्ये ‘फोर्स-११’ या गटाने आज्ञावलीच्या उल्लेखाची तत्त्वे प्रसिद्ध केली. ग्रंथाप्रमाणेच आज्ञावलीचाही कर्ता, नाव, आवृत्ती व ती मिळण्याचे ठिकाण नोंदवावे, हे त्यांचे सार आहे.

काय करता येईल

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. प्रबंध तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी संदर्भसूचीत आज्ञावलीची नोंद असल्याची खात्री करून घ्यावी. निवड समित्यांनी उमेदवाराला त्याने रचलेल्या व सांभाळलेल्या आज्ञावलींविषयी विचारावे. प्रकल्पास मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी अंदाजपत्रकात आज्ञावलीच्या देखभालीची तरतूद स्वतंत्रपणे दाखवावी. भूजल किंवा पीकपाण्याचा अंदाज गावापर्यंत येतो तोही बहुधा आज्ञावलीतूनच. तो कोणत्या साधनाने काढला, हे विचारण्याचा अधिकार पंचायत सदस्यांनीही बजावावा. ज्या कामाची नोंद होते ते काम करण्यास माणसे पुढे येतात, हा अनुभव शासकीय व्यवहारात नवा नाही.