ड्यूटी हातात घेताना

पोरी, कॅज्युअल्टीत आलीस की केसपेपर नंतर बघ, आधी ऑक्सिजनपाशी जा. सिलिंडरची किल्ली साखळीने तिथेच बांधलेली असू दे. छोट्या बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर मावतो. मिनिटाला 10 लिटरने लावलास तर अडीच तास. जंबोत 7000 लिटर, तो साडेअकरा तास जातो. काटा अर्ध्यावर असेल तर वेळही अर्धाच धर. रुग्ण नगरला पाठवताना हा हिशेब तोंडावर हवा.

आपल्या घोडेगावची गर्दी बहुतेकदा सांगून येते. शुक्रवारी जनावरांचा बाजार, म्हणजे शिंग लागलेले, लाथ बसलेले, भरधाव पिकअपखाली आलेले. गळिताच्या दिवसांत महामार्गावर बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉल्या. अमावास्या शनिवारी आली की शिंगणापूरला लाखोंची रीघ. म्हणून महिना लागला की कॅलेंडर बघ आणि सलाईन, टिटॅनसची इंजेक्शनं, ड्रेसिंग, स्प्लिंट यांचा इंडेंट आठवडाभर आधीच टाक. गर्दी दारात आल्यावर स्टोअरची किल्ली शोधायला माणूस नसतो.

जीप उलटून पंधरा-वीस जण एकदम आले की पाय आपोआप ओरडणाऱ्याकडे वळतात. वळू देऊ नकोस. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे. गप्प पडलाय त्याच्याकडे आधी जा. मोठ्याने सांग, "चालता येतंय त्यांनी व्हरांड्यात या." एवढ्याने हिरवे, म्हणजे किरकोळ जखमी, वेगळे होतात. उरलेल्यांचा श्वास, नाडी आणि सांगितलेलं कळतंय का, एवढंच बघून लाल (आधी बघायचे) आणि पिवळे (थोडं थांबू शकणारे) ठरव. रंगीत पट्ट्या नसतील तर मार्करने मनगटावर लिही. मामांना दारात उभं कर, आणि लॅबवाल्या दादांना फक्त नावं लिहायला बसव. यादी दाराशी लागली की नातेवाईक आत घुसत नाहीत. आपला माणूस कुठे आहे, एवढंच त्यांना हवं असतं.

आता आगीचं. 2021 साली 9 जानेवारीला भंडाऱ्यात 10 नवजात बाळं गेली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला आपल्या नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, त्या दिवशी 11 रुग्ण गेले. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. म्हणून प्रत्येक पाळीत मागचं दार उघडून बघ. तिथे मोडक्या खाटा रचलेल्या असतील तर त्याच दिवशी हलवून घे. ऑक्सिजनचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, ते मावशींनाही दाखवून ठेव. धूर झाला तर स्ट्रेचरची वाट बघू नकोस. रुग्णाला चादरीसकट जमिनीवर घे आणि ओढत बाहेर काढ, स्वतःही वाकून चाल, कारण धूर वर साठतो.

नगरच्या घटनेनंतर परिचारिकांनाही अटक झाली होती. तेव्हा प्लगमधून ठिणगी दिसली, पंख्याला जळका वास आला, तर तोंडी सांगून थांबू नकोस. तारीख घालून लेखी दे, इन्चार्ज सिस्टरांची सही आणि आवक क्रमांक घे, नि दुरुस्ती होईपर्यंत प्रत्येक हँडओव्हरमध्ये तो प्लग पुन्हा लिही.