नव्या संसाराची वही

॥ श्री गुरुभ्यो नमः ॥



लग्नसराई सरली. आपल्या इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा सगळ्याच गटांतली नवी जोडपी आता आपापले बिऱ्हाड मांडत आहेत. म्हणून गृहस्थाश्रमाच्या अभ्यासात या वेळी त्यांचा विषय घेतला आहे. मुलांकडून प्रश्न मागवले होते. भाड्याच्या घरात देव कुठल्या दिशेला मांडावेत, दोघेही नोकरीला असलो तर रोजचा नैवेद्य कसा जमवायचा, पारायण कधी करावे, असे प्रश्न आले. यांची उत्तरे लहान आहेत. देव तिथे मांडावेत जिथे दोघांना रोज पाच मिनिटे शांत बसता येईल. दूध-साखरेचा नैवेद्य पुरतो. पारायण सुट्टीला करा, सलग नाही जमले तर रोज थोडे वाचा.

पण एका मुलीने हे सगळे विचारून झाल्यावर खाली अजून एक ओळ टाकली आणि दोन मिनिटांत ती पुसून टाकली. तोवर माझ्या वाचनात आलीच होती. "काकू, मी माझ्या पगारातून आईला पैसे पाठवते ते यांना सांगायलाच हवं का?" आजचा पाठ त्या पुसलेल्या ओळीवर आहे. तिची परवानगी घेऊनच लिहीत आहे.

दासबोधाच्या बाराव्या दशकाचा पहिला समास आपण मागे वाचला होता. संसार विस्कटलेला ठेवून परमार्थाच्या मागे लागू नका, आधी घरचे नीट करा, असे समर्थ तिथे बजावून सांगतात. आणि नुसत्या संसारातच बुडून राहू नका, हेही. वाचताना आपण माना डोलावतो. पण नीट करायचे म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे मला तरी बरीच वर्षे कळले नव्हते. कसे कळले ते सांगते.

1994 साली मी लग्न होऊन बेळगावहून इंदूरला आले. सासर मूळ ग्वाल्हेरचे, यांची नोकरी पीथमपूरच्या एका कारखान्यात. सकाळी सव्वासहाला कंपनीची बस. पगार हातात 2,600 रुपये, रामबागेत दोन खोल्या, भाडे 500. आहेरात चार भिंतीवरची घड्याळे आणि सात लेमन सेट आले होते, पण घरात सांडशी नव्हती. पहिले आठ दिवस मी पदराने पातेले उतरवत होते. गॅसला नंबर लावलेला, तोवर वातीचा स्टोव्ह आणि रेशनचे रॉकेल. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे. मी "होय की", "काय की" म्हटले की शेजारच्या पोरी हसायच्या, आणि ह्यांचे "पाहून घेऊ" ऐकून मला वाटायचे, हे कधी पाहणार आणि कधी घेणार!

छताचा पंखा घ्यायचा होता. एप्रिल गेला, मे आला. दर महिन्याला उत्तर तेच, पुढच्या पगाराला पाहून घेऊ. मग एक दिवस कपडे भिजवताना यांच्या शर्टाच्या खिशात मनीऑर्डरची पोच सापडली. सासऱ्यांच्या नावे, ग्वाल्हेर, रुपये 400. नणंदेच्या लग्नाचे कर्ज फिटत होते. मला कोणी सांगितले नव्हते.

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. पण खरे सांगायचे तर त्याच वेळी माझ्याही तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी, रुमालात बांधलेले 350 रुपये होते. घरखर्चातून वाचवलेले. धाकट्या भावाची मुंज होती, रिकाम्या हाताने माहेरी जायचे नव्हते. भांडणाच्या भरात स्वैपाकघरात काही आपटले, डबा कलंडला आणि रुमाल बाहेर आला. पुढचे चार दिवस आम्ही पाणी भरण्यापुरतेच एकमेकांशी बोललो.

घरमालकीण आजी आपल्या सत्संगातल्या. भिंती पातळ, त्यांना सगळे ऐकू गेलेले. त्यांनी उपदेश केला नाही. नातवाची एक कोरी वही आणून दिली आणि म्हणाल्या, लिहीत चला. आम्ही लिहू लागलो. म्हणजे मी लिहू लागले आणि हे तपासू लागले. तिथेच बिघडले. "हे सात रुपये कसले?" बांगड्यांचे होते. "मागच्या आठवड्यात साबण आणला होता ना?" आणला होता. हे वाईट माणूस नाहीत, कारखान्यात स्टोअर सांभाळायचे, सवयच तशी. पण दर आठवड्याला परीक्षेला बसल्यासारखे व्हायला लागले आणि मी दुसरीच विद्या शिकले. भाजीत दोन रुपये वाढवून लिहायचे, ते आपले. तीन महिन्यांत वही खोटी झाली. मग कोनाड्यात पडून राहिली.

आजींनी ती पाहिली. त्या दिवशी त्यांनी आम्हाला दोघांनाही बसवून नाथांची गोष्ट सांगितली. आपल्या सर्वांना माहीत असलेलीच. एकनाथ महाराज देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे होते, हिशेबाचे काम त्यांच्याकडे असे. एकदा एका पैचा मेळ लागेना. रात्र झाली, दिव्यात तेल घालून ते शोधत बसले. उत्तररात्री चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा लागलास, असे मन भगवंताकडे लाव. आपण कीर्तनात ही गोष्ट एकाग्रतेसाठी ऐकतो. आजींनी वेगळेच दाखवले. त्या म्हणाल्या, "त्या रात्री नाथांनी कुणाला उठवून विचारलं का, की पै कुणी घेतली? चूक वहीत होती, वहीतच शोधली. तुम्ही दोघं एकमेकांच्या खिशात शोधता आहा."

पुढे याच नाथांनी गुरूंच्या आज्ञेने लग्न केले, गिरिजाबाईंबरोबर पैठणला संसार केला, दारी येणाऱ्याला जेवू घातले. ज्याच्या घरात एवढी ये-जा, त्याच्या घरात हिशेब नसेल असे मला वाटत नाही. असो.

त्यानंतर आम्ही वहीची रीत बदलली. दोघांनी आपापल्या हाताने लिहायचे, एकाने दुसऱ्याचे लिहायचे नाही. गुरुवारी आरती झाली की पंधरा मिनिटे बसायचे, त्यापेक्षा जास्त नाही. "कसले?" हा शब्द बंद. विचारायचे ते एवढेच, उरले किती आणि पुढे काय येते आहे. आणि दोघांना महिन्याला पन्नास-पन्नास रुपये असे, की ज्यांचा हिशेब नाही. त्यात बांगड्या घ्या नाहीतर सराफ्यात जाऊन रबडी खा. या पन्नास रुपयांनी जेवढे खोटे थांबवले तेवढे कुठल्या शपथेने थांबले नसते. नव्या मुलांना माझे पहिले सांगणे हेच, की रक्कम लहान का असेना, विनाहिशेबाची ठेवा, दोघांना सारखी, पगार कमी-जास्त असला तरी सारखीच.

पंखा ऑगस्टमध्ये आला. तेव्हा पाऊस पडत होता.

आता आजच्या घराकडे येऊ. माझी भाची लग्नानंतर बडोद्याला राहते, दोघेही कंपनीत. मी वहीचे बोलले तर म्हणाली, "मावशी, फोनमध्ये सगळं लिहिलेलंच असतं." मी म्हटले, बरं, दोघे बसून मागच्या महिन्याचे दाखवा. बसले. तेव्हा लक्षात आले, की फोन पैसे कुणाला गेले ते सांगतो, कशाला गेले ते सांगत नाही. आणि एका फोनमध्ये अर्धेच घर असते. बाहेरून मागवलेले जेवण दोघांच्या फोनांत वेगवेगळे होते, प्रत्येकाला आपले तीन-साडेतीन हजार दिसत होते. एकत्र करून 6,800 झाले तेव्हा जावईबापू म्हणाले, यात तर महिन्याचा किराणा येतो.

हप्त्यांचेही तसेच. फ्रिजचा हप्ता लहान, सोफ्याचा लहान, मोबाइलचा त्याहून लहान. एका पानावर एकाखाली एक लिहिले की बेरीज लहान राहत नाही. यात क्रेडिट कार्डाची गोष्ट मुलांनी नीट समजून घ्यावी. बिलावर "किमान देय" म्हणून जी रक्कम छापलेली असते ती भरली की महिना भागला असे वाटते. भागत नाही. राहिलेल्या रकमेवर महिन्याला साधारण तीन-साडेतीन टक्के व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय जुने थकलेले असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. आमच्या काळी सावकाराचे व्याज ऐकून लोक कानाला हात लावत, हे त्याहून कमी नाही.

घरासाठी सामान घेताना एक महिना थांबा, ही माझी दुसरी विनंती. कुकर, तवा, कढई, दोन पातेली, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, सुरी, सांडशी (सांडशी विसरू नका!) एवढ्यावर महिना निघतो. महिन्यानंतर कशाची अडचण झाली ते लिहून मग बाजारात जा. भाचीच्या घरी लग्नाआधीच घेतलेले सँडविचचे यंत्र अजून खोक्यात आहे.

वहीच्या शेवटच्या पानावर कागदपत्रे. बँकेचे एक खाते दोघांच्या नावे, दोघांपैकी कोणालाही चालवता येईल असे. आणि पीएफमधले नामांकन. नोकरी लागताना मुले आई-वडिलांचे नाव घालतात आणि विसरून जातात. लग्नानंतर ते नव्याने भरावे लागते. अशुभ बोलते असे कुणी मनात आणू नये, विम्याचा कागद काढताना आपण देवाला नमस्कार करतोच ना.

आता त्या मुलीचा प्रश्न.

माझ्या गोष्टीत एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. नव्या रीतीने वही सुरू झाली तेव्हा पहिल्या पानावर, भाड्याच्याही आधी, ग्वाल्हेरचे 400 लिहिले गेले. ते योग्यच होते, माझा राग कधीच गेला होता. पण बेळगावची ओळ त्या पानावर नव्हती. माझ्या 350 रुपयांना सगळ्यांनी, मीसुद्धा, लपवलेले पैसे म्हटले. लपवलेले तर यांचेही होते. पण त्यांचे कर्तव्य ठरले आणि माझी चोरी ठरली. 2003 मध्ये वडील गेले, आईच्या औषधांना पैसे कमी पडायला लागले, तेव्हा कुठे बेळगावची ओळ वहीत आली. नऊ वर्षे लागली. यांनी नको म्हटले होते असे नाही. मी बोललेच नव्हते. मुलीने माहेरी द्यायचे नसते, हे माझ्याच डोक्यात इतके पक्के होते. मी तर कमावतही नव्हते, ही मुलगी कमावते, तरी ओळ पुसते.

आई-वडिलांच्या आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे. त्यात अपत्य म्हणताना मुलगा आणि मुलगी दोन्ही धरले आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी सेवेचा विषय आपल्या सत्संगात काय कमी झाला आहे? मातृदेवो भव आपण म्हणतो तेव्हा ते फक्त मुलग्यांसाठी म्हणतो का?

म्हणून मी तिला कळवले ते असे. बाळ, सांगायला हवेच. पण विचारू नकोस, सांग. "पाठवू का?" असे नाही, "पाठवते आहे, इतके" असे. आणि त्यांच्या घरी जे जाते तेही त्याच पानावर, त्याच अक्षरात लिही. रक्कम सारखी असायला नको, गरज ज्याची जशी. घरात खरंच ओढाताण असेल तर दोन्हीकडचे कमी करा, एकीकडचे नाही. एक सावधगिरीही सांगते. आज लपवलेले उद्या खिशात सापडते, आता तर खिशाचीही गरज नाही, फोनवर संदेश येतो. तो सापडलेला दिवस फार वाईट जातो. मी पाहिला आहे.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. तिने सांगितले. जावईबापू दीड दिवस गप्प होते. पैशांबद्दल नाही, आधी का नाही सांगितलेस म्हणून. मग त्यांनी विचारले, आईंची औषधं महिन्याची कितीला येतात? आता ओळ वहीत आली आहे. त्यांनी ती पेन्सिलने लिहिली आहे म्हणे. ती म्हणाली, "काकू, पेन्सिलनेच का?" मी म्हटले, राहू दे, दोन-तीन गुरुवार जाऊ देत.