होडीवरील जुन्या आउटबोर्ड यंत्राची निगा व दुरुस्ती

बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी आणि रेवदंड्याला कुंडलिका समुद्रास मिळते. अशा खाड्यांच्या मुखाशी ओहोटीची ओढ मोठी असते. तेथे लहान होडीचे यंत्र एकाएकी बंद पडल्यास होडीवरील माणसांच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी दोरी ओढून ओढून हात थकतात, तोवर होडी खडकाकडे किंवा फुटणाऱ्या लाटांकडे वाहत जाते. जुनी यंत्रे बंद पडतात ती बहुधा मोठ्या मोडतोडीने नव्हे, तर प्लग, नळी, गाळणी किंवा एखादी पिन यांसारख्या लहानसहान दोषांमुळे. हे दोष क्रमाने शोधण्याची सवय लावून घेतल्यास पुष्कळसे नुकसान टाळता येते.

प्रथम नांगर, मग यंत्र

यंत्र बंद पडताच प्रथम नांगर टाकावा आणि होडी स्थिर झाल्यावरच यंत्राचे झाकण काढावे. यंत्र बसविले म्हणून वल्ही घरी ठेवणे हा मोठा प्रमाद होय. होडीत नेहमी दोन नवे प्लग, प्लगचा पाना, पक्कड, पेचकस, पंख्याच्या दोन पिना व सुरू करण्याची जादा दोरी असावी.

इंधनाची तपासणी

टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा आहे काय, हे आधी पाहावे. तो बंद राहिल्यास यंत्र थोडा वेळ चालून थांबते. त्यानंतर नळीची जोडणी, नळीवरील रबरी फुगा व गाळणी तपासावी. फुगा दाबूनही घट्ट होत नसेल, तर नळीतून हवा शिरत आहे किंवा फुग्याची झडप निकामी झाली आहे, असे समजावे.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी फार झाले म्हणजे ते पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व पडदेही त्याने लवकर खराब होतात. यास्तव पेट्रोल दीर्घकाळ साठवू नये आणि नळ्यांना चिरा पडल्या आहेत काय, हे वरचेवर पाहावे.

जुन्या दोन-धावी यंत्रांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. प्रमाण ५० भागांस १ असल्यास ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर तेल लागते. २५ भागांस १ असल्यास २०० मिलिलिटर. आपल्या यंत्राचे प्रमाण त्याच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. तेल अधिक झाल्यास प्लग काजळतो. बचतीसाठी ते कमी घातल्यास पिस्टन सिलिंडरात जखडतो आणि ही काटकसर फार महाग पडते.

ठिणगीची तपासणी

प्लग काढून त्याचे टोक पाहावे. टोक कोरडे असल्यास इंधन पोहोचत नाही. ते पेट्रोलने ओले असल्यास इंधन येते, परंतु पेट घेत नाही. काळे व तेलकट असल्यास तेल किंवा इंधन अधिक जात आहे. पांढरे पडले असल्यास यंत्र फाजील तापते. तपकिरी रंग हे यंत्र ठीक असल्याचे चिन्ह होय.

ठिणगी पाहण्यापूर्वी सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे. नंतर प्लगला टोपी लावावी आणि प्लगचा धातूचा भाग यंत्राच्या धातूस टेकवून, प्लगच्या भोकापासून दूर, रबरी मुठीच्या पकडीने धरावा व दोरी ओढावी. निळसर, जोरकस ठिणगी पडली पाहिजे. ती न पडल्यास आधी नवा प्लग लावून पाहावा. यंत्र बंद करण्याची सुरक्षा दोरी जागेवर आहे काय, हेही पाहावे. पुष्कळदा दोष एवढाच असतो. फार जुन्या यंत्रांत चक्राखाली पॉइंट्स असतात. खाऱ्या हवेने त्यांवर गंज चढतो. किनाऱ्यावर आल्यावर ते स्वच्छ करून पुस्तिकेत दिलेले अंतर ठेवावे.

थंड करणारे पाणी

यंत्र चालू असता मागून पाण्याची बारीक धार पडते. ती थांबताच यंत्र बंद करावे. पाणी घेण्याच्या जाळीत प्लास्टिक किंवा शेवाळ अडकले असल्यास काढून टाकावे. जाळी स्वच्छ असूनही धार येत नसेल, तर आतील रबरी पंखी झिजली असे समजावे. ही पंखी दरवर्षी बदलणे हिताचे असते. बसविताना तिची पाती फिरण्याच्या दिशेस अनुसरून वाकलेली असावीत. पाण्याबाहेर यंत्र कधीही चालवू नये. कोरडी पंखी थोड्याच वेळात जळते.

यंत्र चालते, होडी चालत नाही

पंखा खडकावर किंवा वाळूच्या दांड्यावर आपटला म्हणजे पंख्याची पिन तुटते. ती तुटावी अशीच मऊ केलेली असते, कारण तिच्या तुटण्याने गिअर वाचतात. तिच्या जागी खिळा ठोकणे हे दीडदमडीची पिन वाचवून गिअरपेटी गमावण्यासारखे आहे. गिअरचे तेल दुधासारखे पांढरे दिसल्यास आत पाणी शिरले आहे. रबरी सील बदलावे. नवे तेल खालच्या छिद्रातून, वरच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरावे.

यंत्र समुद्रात पडल्यास

पाण्यातून काढलेले यंत्र उन्हात वाळत ठेवू नये. हवा लागताच खाऱ्या पाण्याने आतील भाग गंजू लागतात. ते तत्काळ गोड्या पाण्याने धुवावे, प्लग काढून चक्र हाताने हळूहळू फिरवावे व पाणी बाहेर काढावे. चक्र अडल्यास जोर लावू नये. नंतर सिलिंडरात वंगणतेल घालावे आणि त्याच दिवशी यंत्र सुरू करावे. कारागीर लगेच मिळत नसेल, तर तो येईपर्यंत यंत्र गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवावे.

रोजची निगा

खारे पाणी हा यंत्राचा खरा शत्रू होय. होडी किनाऱ्यास लागल्यावर यंत्र गोड्या पाण्याच्या पिंपात गिअरविना, मंद गतीने पाच ते दहा मिनिटे चालवावे. नंतर इंधनाची नळी काढून कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपू द्यावे. रॉकेलवर चालणारे यंत्र बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पेट्रोलवर चालवावे. पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात यंत्र कोरड्या जागी उभे ठेवावे, प्लग काढून आत थोडे तेल घालावे व गिअरचे तेल बदलावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कोळीवाड्यात एक जुने यंत्र उघडून ही तपासणी सर्वांसमक्ष करून दाखवावी. तरुण खलाशांनी स्वतःच्या हाताने प्लग व पिन बदलून पाहावी. किनाऱ्यावर शिकलेले हे काम भर ओहोटीत खाडीच्या मुखाशी उपयोगी पडते. तेथे हाक मारून कारागीर येत नाही.